टाकीत काय पडते?

गुरुवारी किंवा पौर्णिमेला सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालेल्या गाड्यांकडे पाहिले, की एमएच-१२, एमएच-१३, केए-३२ असे सगळे पासिंग एकाच रस्त्यावर दिसते. पुण्याहून आलेल्या गाडीने अडीचशे किलोमीटर आधीच कापलेले असतात, पुढे चाळीस उरलेले. स्वामी समर्थांच्या दर्शनाला जाताना नाहीतर परतताना यातल्या बऱ्याच गाड्या पंपावर थांबतात. नोझल टाकीत असतानाच कुठे कुठे खिडकीशी एक छोटी बाटली येते. इंजिन साफ होईल, पिकअप सुधारेल, ॲव्हरेज वाढेल. लांबचा पल्ला, घरची माणसे गाडीत आणि काहीशे रुपयांचा प्रश्न. माणूस हो म्हणतो.

या बाटलीने फायदा होतो का, हे विचारणे रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुढे दिले आहे. पण त्याआधी एक जुना प्रश्न आहे. इंधनात काय मिसळायचे हे कोण ठरवतो, कोणाला सांगून ठरवतो आणि चुकले तर त्याची किंमत कोण मोजतो? गेल्या शंभर वर्षांत इंधनात अनेक द्रव्ये मिसळली गेली. काहींनी इंजिनाचे आयुष्य वाढवले, एकाने जगभरातल्या मुलांचे न भरून येणारे नुकसान केले. दोन्ही वेळा गाडीवाल्याला विचारले गेले नव्हते.

सुरुवात शिशापासून करावी लागते. १९२० च्या सुमारास मोटारी झपाट्याने वाढत होत्या आणि इंजिने जास्त दाबाची होत होती. दाब वाढला की सिलिंडरमधले पेट्रोल प्लगच्या ठिणगीतून नीट न जळता मध्येच भडके आणि आत ठोके पडत. चढावर गाडी नॉकिंग करते असे आपले मिस्त्री म्हणतात, ते हेच. अमेरिकेतल्या डेटन शहरात जनरल मोटर्ससाठी काम करणारे थॉमस मिजली आपले वरिष्ठ चार्ल्स केटरिंग यांच्या देखरेखीखाली यावर उपाय शोधत होते. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांनी टेट्राएथिल लेड वापरून पाहिले आणि ठोके थांबले. अगदी थोडे शिसे पुरे होत होते. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल विक्रीला आले, ‘एथिल’ या नावाने. शिशाचा उल्लेख नावातून आणि जाहिरातीतून वगळला होता.

शिसे विषारी आहे हे तेव्हा कोणाला नव्याने कळायचे नव्हते. खुद्द मिजली यांना शिशाची बाधा झाली होती आणि त्यांनी उपचारासाठी रजा घेतली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथे हे द्रव्य तयार करणाऱ्या विभागातले पाच कामगार वेड लागल्यासारखे होऊन दगावले. त्याच महिन्याच्या शेवटी मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर ओतून घेतले आणि हुंगून दाखवले. पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारने परिषद भरवली, विक्री काही काळ थांबली आणि १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. ती जगभर पसरली.

ठोके थांबवायला शिसे हा एकच उपाय होता असे नाही. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळले तरी ठोके थांबतात, हे केटरिंग आणि मिजली या दोघांनाही माहीत होते. पण अल्कोहोल धान्यापासून, मळीपासून कोणीही गाळू शकतो, त्यावर कोणाचे पेटंट चालत नाही. शिवाय ते बऱ्याच प्रमाणात मिसळावे लागते, म्हणजे तेल कंपनीच्या मालाची तेवढी जागा जाते. शिसे चिमूटभर लागे आणि त्याचे हक्क कंपनीकडे राहत. निवड झाली ती या हिशेबाने. सोलापूर जिल्ह्यातल्या मळीतून आज जे इथेनॉल निघते, तेच द्रव्य शंभर वर्षांपूर्वी शिशाची जागा घेऊ शकले असते. अक्कलकोटच्या वाचकाने ही गोष्ट विसरू नये, कारण पुढे ती आपल्याच टाकीत येऊन पोचते.

शिसे घातल्यावर नवी अडचण उभी राहिली. जळलेल्या शिशाची राख प्लगवर आणि वॉल्व्हवर बसू लागली. ती निघून जावी म्हणून पेट्रोलमध्ये एथिलीन डायब्रोमाइड घालू लागले. त्याने शिशाची अशी संयुगे बनत, की ती वाफ होऊन धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडत. इंजिन साफ करणाऱ्या द्रव्यांच्या इतिहासातले हे पान मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. इंजिन खरोखरच साफ राहिले. आतली घाण रस्त्यावर आली, तिथून धुळीत, घरात आणि रांगणाऱ्या मुलांच्या हातांवर. हे साफ करणारे द्रव्यही पुढे कर्करोगकारक म्हणून नोंदले गेले.

नुकसान मोजायला अर्धे शतक गेले. क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दाखवून दिले, की माणसाच्या शरीरात आणि हवेत असलेले शिसे निसर्गातून आलेले नसून माणसानेच पसरवलेले आहे. हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, त्यातले शिसे मोजले आणि १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. दातांत ज्यांच्या शिसे जास्त, त्यांची बुद्धिमापन चाचणीतली आणि वर्गातली कामगिरी कमी. आजारी म्हणून दवाखान्यात कधी न गेलेली ही मुले होती.

आपल्याकडे दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल १ एप्रिल १९९५ पासून मिळू लागले. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकांचा त्यात मोठा वाटा होता. देशभरातून शिसे हटायला १ फेब्रुवारी २००० उजाडावा लागला. यामागे मुलांच्या आरोग्याबरोबर एक यांत्रिक कारणही होते. नव्या गाड्यांना बसवलेला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होतो. १९९० च्या दशकात अक्कलकोटच्या बाजारपेठेत वाढलेल्या मुलांनी स्कूटर, रिक्षा आणि मोटारींच्या धुरातून ते शिसे श्वासात घेतले. जगातला शेवटचा शिसेयुक्त पेट्रोल विकणारा देश अल्जीरिया. तिथे ते जुलै २०२१ मध्ये बंद झाले. मिजली यांच्या प्रयोगाला तेव्हा शंभर वर्षे भरत आली होती.

आता गॅरेजकडे वळू. ज्यांनी ॲम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी सांभाळली, त्यांना इंजिनाची सफाई म्हणजे काय हे डोळ्यांनी पाहून माहीत आहे. ठरावीक किलोमीटर झाले, गाडी मिसिंग मारू लागली, चढावर दम खाऊ लागली, की हेड उतरवायचे. पिस्टनच्या माथ्यावर आणि वॉल्व्हच्या पाठीवर कार्बनचा काळा, कडक, कुठे तेलकट थर बसलेला असे. मिस्त्री तो बोथट पट्टीने खरवडून काढी, बोअरला ओरखडा जाणार नाही अशा बेताने. मग वॉल्व्हच्या कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची, रबरी कप बसवलेली काठी त्याला चिकटवायची आणि दोन्ही तळहातांत धरून ताक घुसळावे तशी उलटसुलट फिरवायची. कडेवर सगळीकडे सारखी राखी रेघ उमटली, की पेस्ट पुसून वॉल्व्ह बसवायचा आणि पाठीमागे थोडे रॉकेल ओतून थेंब गळतो का ते बघायचे. गळला तर पुन्हा घासायचे. मालक शेजारच्या स्टुलावर बसलेला असे. काय निघाले, किती निघाले, हे त्याच्यासमोर कागदावर पडलेले असे.

आजच्या गाडीवाल्याला ते दिसत नाही. हेड वर्षानुवर्षे उतरत नाही आणि कार्ब्युरेटर तर राहिलाच नाही. इंजिन चांगले झाले म्हणून हे घडले. ही प्रगतीच आहे. पण इंजिनाच्या आत काय चालले आहे हे न दिसल्यामुळे मनात एक शंका कायमची राहते, आणि बाटली खपते ती त्या शंकेवर.

इंजिन साफ ठेवणारी द्रव्ये मुळात खोटी आहेत असे मात्र मुळीच नाही. त्यांचा खरा इतिहास शिशाइतका प्रसिद्ध नाही, पण जास्त उपयोगी आहे. १९३० च्या दशकात कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल इंजिनांतल्या पिस्टनच्या रिंगा चिकटून बसत होत्या. १९३५ च्या सुमारास स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाने डिटर्जंट घातलेले इंजिन ऑइल काढले आणि रिंगा मोकळ्या राहू लागल्या. तेव्हापासून प्रत्येक चांगल्या इंजिन ऑइलमध्ये साफ करणारी आणि घाण तरंगत ठेवणारी द्रव्ये कारखान्यातच घातलेली असतात. नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे दिसले की अनेकांना ते बनावट वाटते. खरे तर काजळी इंजिनाच्या भिंतीवर न बसता ऑइलमध्ये राहिली, म्हणून ते काळे दिसते. ठरल्या वेळी ऑइल बदलले की ती काजळी त्याच्याबरोबर बाहेर जाते. जुन्या ऑइलमध्ये फ्लश नावाचे पातळ द्रव्य ओतून इंजिन चालवण्याची पद्धत हल्ली बरीच बोकाळली आहे. ज्या इंजिनात वेळेवर ऑइल बदलले गेले, त्याला त्याची गरज नसते. ज्यात अनेक वर्षे बदलले गेले नाही, त्यातला गाळ एकदम सुटून ऑइलच्या जाळीत अडकला तर बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाही. तिथे हलके हलके, दोन-तीन ऑइल बदलून साफ करणे हेच शहाणपणाचे.

पेट्रोलमध्ये डिटर्जंट घालण्याची सुरुवात अमेरिकेत १९५० च्या दशकात कार्ब्युरेटरसाठी झाली. १९८० च्या दशकात इंजेक्टर आले आणि प्रश्न तीव्र झाला. इंजेक्टरची भोके मिलिमीटरच्या अंशाएवढी असतात. गरम इंजिन बंद केल्यावर तोंडाशी उरलेला पेट्रोलचा थेंब तिथेच शिजतो आणि त्याचा डिंकासारखा थर बसतो. भोक थोडे अरुंद झाले तरी फवारा बिघडतो. यावर पॉलिइथर अमाइन नावाचे द्रव्य गुणकारी ठरले, कारण ते इंजिनाच्या उष्णतेत टिकून थर सोडवते. अमेरिकेने १ जानेवारी १९९५ पासून सगळ्या पेट्रोलमध्ये किमान डिटर्जंट सक्तीचे केले. ते किमान प्रमाण अपुरे आहे असे दिसल्यावर २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा या गाडी बनवणाऱ्यांनीच जास्त कडक मानक ठरवले. २०१६ मध्ये तिथल्या ट्रिपल-ए या मोटारचालकांच्या संघटनेने चाचणी घेतली, तेव्हा या मानकात न बसणाऱ्या पेट्रोलमुळे ४,००० मैलांत इंजिनात सुमारे १९ पट जास्त थर बसलेला आढळला.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. डिटर्जंट काम करते. पण ते रिफायनरी-डेपोत, मोजून, प्रत्येक लिटरमध्ये घातलेले असले की काम करते. गाडीवाल्याने आठवण झाली तेव्हा ओतल्याने तेवढे करत नाही.

भारतात १ एप्रिल २००२ रोजी पेट्रोलियम पदार्थांच्या सरकारी किमतींची जुनी पद्धत संपली आणि त्याच वर्षी सरकारी तेल कंपन्यांनी स्पीड, पॉवर अशा नावांनी डिटर्जंट घातलेले महाग पेट्रोल आणले. चांगले इंधन हा सर्वांचा हक्क न राहता वेगळ्या नोझलवरचा पर्याय झाला. त्यावर उत्पादन शुल्कही जास्त लावले गेले आणि गिऱ्हाईक साध्या पेट्रोलकडे परतले. माझ्या मते ही चुकीची वाट होती. शिसे काढताना आपण सर्वांच्या पेट्रोलमधून काढले. डिटर्जंट घालतानाही ते सर्वांच्या पेट्रोलमध्ये ठरल्या प्रमाणात घालून त्याचे प्रमाण जाहीर करायला हवे होते.

दरम्यान अल्कोहोलची गोष्ट आपल्या जिल्ह्यात येऊन ठेपली. १९३० च्या दशकातच माळीनगर आणि श्रीपूर इथे साखर कारखाने उभे राहिले. साखरेबरोबर मळी येते आणि मळीपासून अल्कोहोल. ८ मार्च १९४८ रोजी अक्कलकोट संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याच वर्षी दिल्लीत मोटारीच्या इंधनात अल्कोहोल मिसळण्यासाठी इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट झाला. तो पाच दशके पुस्तकात पडून राहिला. अल्कोहोल रसायन कारखान्यांकडे आणि दारूकडे जात राहिले आणि पेट्रोलमध्ये शिसे पडत राहिले. २००० मध्ये कायदा रद्द झाला. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रयोग तीन ठिकाणी सुरू झाले. त्यातली दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड. तिसरे उत्तर प्रदेशात, बरेलीजवळ.

जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण ठरले, पण अनेक वर्षे ते कागदावरच अडखळले. २०१३-१४ मध्ये देशाची सरासरी जेमतेम दीड टक्का होती. जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले आणि २०२५ मध्ये २० टक्के. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. बोरी नदीच्या काठचा, कुरनूर धरणाच्या लाभक्षेत्रातला, भीमेच्या पट्ट्यातला ऊस गाळला जातो. त्याच्या मळीतून आणि रसातून निघालेले इथेनॉल तेल कंपन्यांच्या डेपोत पेट्रोलला मिळते. सोलापूरजवळच्या पाकणीत असे डेपो आहेत, मुंबई-पुण्याहून येणारी पाइपलाइनही तिथेच येते. हल्ली देशातल्या इथेनॉलमध्ये मका आणि इतर धान्याचा वाटा उसापेक्षा जास्त झाला आहे, हेही सांगितले पाहिजे.

मी इथेनॉलच्या बाजूचा आहे. शिशाने केलेले काम ते शिशाच्या विषाशिवाय करते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे ठोके रोखण्याच्या क्षमतेचा आकडा, ९५ ठरवला आहे, साध्या पेट्रोलचा ९१ होता. उसाचे बिल वेळेवर मिळायलाही त्याची मदत झाली. पण ज्या रीतीने ते आले, ती रीत मला मान्य नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. मुळात निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांना जुळवून घेतलेल्या चारचाकीत २० टक्के गेले तर ॲव्हरेज ६-७ टक्के पडू शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते. २०२३ आधीच्या बहुतेक गाड्या १० टक्के इथेनॉलच्या हिशेबाने बनलेल्या. इथेनॉल पाणी ओढते, जुन्या टाकीतला थर सैल करते, काही जुने रबरी भाग खराब करते. हे सगळे पंपावर ठळक लिहून, जुन्या गाड्यांसाठी कमी इथेनॉलचे पेट्रोल काही वर्षे उपलब्ध ठेवून करता आले असते. तसे झाले नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधीची याचिका फेटाळली आणि पर्यायाची मागणी तिथे संपली.

त्या पोकळीत पुन्हा बाटली आली आहे. इथेनॉलपासून संरक्षण देणारी म्हणून ती विकली जाते. गंज रोखणारे द्रव्य त्यात असेल तर थोडा उपयोग होईल. पण इथेनॉलमुळे कमी झालेली ऊर्जा कुठलेही द्रव्य परत आणू शकत नाही, आणि टाकीच्या तळाशी पाणी वेगळे साचले असेल तर टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही. इंधनाच्या बाबतीत चमत्काराची आशा लोकांना लवकर भुलवते. १९९६ मध्ये तामिळनाडूतल्या रामर पिल्लै यांनी पाण्यात वनस्पती उकळून पेट्रोल बनवल्याचा दावा केला, तेव्हा मोठमोठ्या संस्थांची माणसे ते पाहायला गेली होती. ते साधे पेट्रोलजन्य द्रावण निघाले आणि वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली.

मनमाडबद्दल अजून सांगायचे आहे. इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग ज्या मनमाडमध्ये झाला, तिथेच पानेवाडीच्या तेल डेपोंच्या परिसरात टँकरमधून इंधन काढून भेसळ करण्याचा धंदा चाले. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तो प्रकार पाहिला आणि गाडी थांबवली. भेसळ करणाऱ्यांनी त्यांच्यावर इंधन ओतून त्यांना भरदिवसा जिवंत जाळले. राज्यभरातल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांनी २७ जानेवारीला काम बंद ठेवले. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी इथे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांना एका पंपाची भेसळ पकडल्याबद्दल गोळ्या घातल्या गेल्या. रेशनच्या स्वस्त रॉकेलला आणि महाग पेट्रोल-डिझेलला वेगळ्या किमती ठेवल्यावर मधल्या पैशावर टोळ्या पोसल्या गेल्या. रॉकेल गोरगरिबांच्या स्टोव्हला कमी पडे आणि मोटारीच्या इंजिनात डिंक, काजळी आणि ठोके वाढवी. इंजिन खराब झाले की गाडीवाला मिस्त्रीकडे जाई आणि क्लीनर घेई. म्हणजे आधी भेसळीचे पैसे मोजायचे, मग तिच्या सफाईचे.

सोनवणे यांच्या बलिदानाची आठवण पेट्रोलच्या चर्चेत फार कमी निघते. निघाली पाहिजे. एक सरकारी अधिकारी टाकीत काय पडते हे बघायला गेला म्हणून मेला. त्यापुढे बाटली घ्यावी की नाही हा प्रश्न लहान वाटेल, पण दोन्हींचे मूळ एकच आहे. इंधनात काय आहे ते ग्राहकाला सहज कळत नाही.

आता अक्कलकोटच्या गाडीवाल्याचा साधा व्यवहार. आपला तालुका कोरडा, काळ्या मातीचा. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. वागदरी, दुधनी, मैंदर्गीच्या रस्त्यांवर आणि उसाच्या हंगामात बैलगाड्या-ट्रॅक्टरच्या मागे धूळ किती उडते हे सांगायला नको. इथल्या इंजिनाचा पहिला शत्रू ही धूळ आहे आणि तिच्यावर उपाय एअर फिल्टरचा आहे. पुण्यातल्या गाडीला जो फिल्टर वर्षभर चालेल, तो इथे त्याआधीच बदलावा लागतो. गावातल्या गावात एक-दोन किलोमीटर फिरणारी गाडी इंजिन पुरते तापायच्या आधीच बंद होते आणि ऑइलमध्ये पाणी व पेट्रोल मुरते. तिचे ऑइल किलोमीटर न मोजता महिन्यांवर बदलावे, आणि अधूनमधून तिला सोलापूरपर्यंत सलग चालवावे. सीमेपलीकडे, आळंद-अफझलपूरकडे पेट्रोल अनेकदा थोडे स्वस्त मिळते म्हणून तिकडे भरणारे बरेच आहेत. पंप ओळखीचा आणि खपाचा असेल तर त्यात वावगे काही नाही.

आणि बाटली? चांगल्या कंपनीची, पॉलिइथर अमाइन आहे असे स्पष्ट लिहिलेली बाटली जुन्या, इंजेक्टर अडकत असलेल्या पेट्रोल गाडीत एखाद्या टाकीला घातली, तर फरक पडू शकतो. तसा तो पडतो हे प्रयोगांत दिसले आहे. नव्या गाडीत, चांगल्या पंपाचे पेट्रोल भरत असाल तर दर टाकीला ती घालणे पैसे वाया घालवणे आहे. ज्या नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यांच्या इनटेक वॉल्व्हवरून पेट्रोल वाहतच नाही. त्यामुळे तिथला कार्बन टाकीत काही ओतून निघणार नाही, ते काम कारागिराचे आहे. गाडीचे मॅन्युअल उघडून पाहा. कंपनीने सांगितल्याशिवाय इंधनात काही मिसळू नका, असे अनेक मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. बाटलीवर घटकाचे नाव आणि प्रमाण नसेल तर ती घेऊ नका, पंपावरचा मुलगा कितीही आग्रह करो. त्या मुलाचा त्यात दोष नाही, त्याला विक्रीचे लक्ष्य दिलेले असते.

तेल कंपन्यांकडे आणि सरकारकडे मागणी अशी आहे. प्रत्येक नोझलवर इथेनॉलचे टक्के लिहा. साध्या पेट्रोलमध्ये डिटर्जंट किती आणि कोणते हे जाहीर करा. ते सर्वांच्या पेट्रोलमध्ये सारखे घाला आणि त्याची तपासणी लोकांना पाहता येईल अशी ठेवा. अक्कलकोटसारख्या यात्रेच्या गावी, जिथे देशभराच्या गाड्या येतात, तिथून याची सुरुवात करता येईल.

आणि ग्राहकाचा एक हक्क आजही आहे, तो वापरा. पंपावर फिल्टर पेपर मागा. नोझलचे तोंड पुसून त्यावर एक थेंब पाडायला सांगा आणि दोन मिनिटे थांबा. चांगले पेट्रोल उडून जाते. फिकट गुलाबी छटा राहिली तर काळजी नाही, तो रंगाचा भाग आहे. तेलकट डाग राहिला तर पेट्रोल घेऊ नका आणि तक्रार लिहून द्या. माप कमी वाटले तर वैधमापनशास्त्र विभागाची मोहोर असलेले ५ लिटरचे माप मागा. ५ लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. फिल्टर पेपर आणि माप दोन्ही ठेवणे पंपाला बंधनकारक आहे आणि त्यांचे पैसे पडत नाहीत.